दह्यातल्या जिवाची खोली

पारोळा, ४ ऑगस्ट १९८८
ती. अभिमनभाऊस, मंदाचा सा. जयभीम, वि. वि.

तुझ्या जर्नलसाठी काढलेल्या दोन्ही आकृत्या पाठवतेय. कांद्याची पेशी सोपी गेली. दह्यातल्या जिवाच्या पेशीशी पेन्सिल थांबली. तू लिहिलं होतंस, त्याला खोल्याच नसतात, बठ्ठं सगळं एकातच तरंगतं. मग दुपारी विरजण लावताना बघतच बसले. एवढ्याशा थेंबात किती घरं, न एकाचाही आवाज नाही. आई म्हणाली, पोरगी दह्याशी बोलायला लागली.

मी पेशी पेशी करते ते ऐकून आबांनी घाबरून विचारलं, कोर्टात कोणाची पेशी आहे. मी हसले, पण मनातलं सांगायचं राहिलं. शाळा सुटून दोन वर्षं झाली. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसावं वाटतं. तू सांगशील आबांना? त्यांच्यासमोर मला शब्द फुटत नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मंदा

धुळे, १२ ऑगस्ट १९८८
चि. मंदास, अ. आ. व जयभीम.

मी पकडलो गेलो. दह्याच्या पेशीत केंद्रकाला पडदा नसतो, डीएनएचा धागा नुसता मोकळा पडलेला असतो. तू त्याच्याभोवती गोल रेघ मारलीस. पडदा कांद्याला असतो, न त्यालाही बारीक छिद्रं, ये-जा करायला. प्रॅक्टिकलच्या बाईंनी विचारलं, हात कोणाचा. खरं सांगितलं. आता बठ्ठं जर्नल मलाच काढायचंय. माझा कांदा वांग्यासारखा दिसतो.

पण बाईंनीच सोबतचा फॉर्म दिला. आबांना मी सांगणार नाही. तूच सांग, न रेघ का मारली तेही.

आईला जपा, मलाही आठवा.
अभिमन

पारोळा, २० ऑगस्ट १९८८
ती. भाऊस, सा. जयभीम.

शब्द फुटेनात, म्हणून आबांपुढे आकृतीच ठेवली. म्हटलं, त्या धाग्यात या जिवाचं बठ्ठं लिहिलेलं असतं, ते असं सगळ्यांच्या पायात उघडं पडलेलं बघवेना. आबा आपल्या सगळ्यांच्या एकाच खोलीकडे बघत राहिले. चूल, अंथरुणं, पिठाच्या डब्यावर माझी जुनी पुस्तकं. मग उठून बाहेर गेले. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दोरीवर आईचं जुनं लुगडं टांगलेलं, आत माझी पुस्तकं, वर सही केलेला फॉर्म. आबा म्हणाले, तुझी पेशी मार्चमध्ये, तारीख चुकवू नको.

लुगड्याला भोकं आहेत. आई शिवायला बसली होती, मी नको म्हटलं. उन्हाचे ठिपके वहीवर हळूहळू सरकतात, चुलीचा वास आत येतो, न मी वाचलेलं आईपर्यंत बाहेर जातं.

तुझा कांदा पाठव. हसणार नाही.
तुझी मंदा