आजीच्या मरणाचा खोटा निरोप

॥ नगद नारायण प्रसन्न ॥

चारा छावणी, कड्याजवळ
ता. ६ मार्च १९७३

चि. सौ. केसरबाईस अक्का सत्यभामाचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी खाली बस. बसलीस का? आजी जिती हाय. पुन्ना वाच. आपली साखराआजी जिती हाय, आन आत्ता माज्यासमोर गायीच्या गोचड्या काढायलीय. छावणीच्या चाऱ्याच्या गाडीवरल्या बंकट डायव्हरसंगं धाडलेला निरोप खोटा व्हता.

मला शिव्या देऊ नको, आजीनंच धाडाया लावला. परवा ती हौदावर गायीला पाणी दावाया गेलती. कावळा आला तो थेट तिच्या डोक्यावर बसला, पदर सुद्दा वढला मेल्यानं. छावणीतल्या बाया बोंबलल्या, म्हातारीला कावळा शिवला, आता काई खरं न्हाई. त्याच्यावरचा उपाव तुला ठावा हायच. जीव लावणाऱ्या माणसाला मेल्याचा निरोप धाडायचा, ते रडलं की आलेलं मरण माघारी फिरतं. मग खरं कळवायचं. मी म्हनलं, काकाला धाडू. आजी म्हनली, त्यो रडायच्या आधी इचारील गाय कुणाला ठेवली. केसरला धाड. ती रडली तर कावळा बी हरंल.

दोन वरसं मी वाट बघायले, म्हातारी तुजं नाव कवा घेती. घेतलं ते कावळ्यापायी!

तर कळव, किती रडलीस, कोण कोण बाया आलत्या. आजी वरवर म्हनती, मला काय त्याचं. पण पोष्टमन दिसला की गाय सोडून उठती. जावाईबापू सुतकात दाढी वाढवून बसले असतील तर करून घ्या म्हनावं, तशी बी शोभत न्हाई.

सारं आटलं या साली, तुजा लोभ तेवढा आटू देऊ नको.

तुजी खोटारडी अक्का,
सत्यभामा


पाली
ता. ७ मार्च १९७३

ती. गं. भा. सत्यभामाअक्कास केसरचा शि. सा. न. वि. वि.

बंकटनं दारात गाडी उभी केली आन वरूनच सांगितलं, आजी गेली. मी भाकरी थापत व्हते. तशीच उठून डोक्यावरून पाणी घेतलं, चूल इजवली. बाया जमल्या. आन अक्का, मला रडूच आलं न्हाई. सासू म्हनली, गळा काढ की ग. काढला, तर नुसता कोरडा आवाज निघाला. माजंच मला भ्या वाटलं.

आई गेली तवा मी अंगावर पेत व्हते. आजीनं मला शेळीच्या दुधावर जगवली. शेळी आटली तवा लेकुरवाळ्या बायांच्या दारात मला घेऊन बसायची. नारायणगडाच्या जत्रंला तुला चालवत न्यायची, मला कडंवर. पंगतीला बसली की अर्धी भाकर कमरंला खोचायची आन सांजच्याला आपल्याला द्यायची, देवानं भाजून दिली म्हनून. मी कळती झाले तरी मला वाटायचं, देव भाकरी भाजतो.

आन त्याच आजीनं दोन वरसामागं काय केलं? सासूशी भांडून मी माहेराला आलते. तिनं मला चुलीपाशी बसू दिलं न्हाई. तांब्याभर पाणी सुद्दा इचारलं न्हाई. आले त्याच यस्टीत परत घातली. तवा मी म्हनलं, तू मेलीस तरी तोंड बघाया येणार न्हाई. आता ती मेली आन मी आले न्हाई. माजा शब्द खरा झाला, त्यो घेऊन काय करू? दगड झाले का ग मी?

दहाव्याला येत न्हाई. आजीचं तोंड न्हाई बघितलं, आता माजं तोंड घेऊन कुणाम्होरं येऊ?

माज्यावरची माया तू तरी काढू नको.

केसर


छावणी
ता. १२ मार्च १९७३

चि. सौ. केसरबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपली पत्रं वाटंत एकमेकीला वलांडून गेली. तू मेलेल्या आजीवर लिव्हलंस आन ते जित्या आजीच्या हातात पडलं!

वाच म्हनली. मी आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं मनचंच सुरू केलं, की केसर धाय मोकलून रडली, चार बायांनी धरली. आजी म्हनली, तुजी नजर गायीकडं हाय, कागदावर न्हाई. हाय ते वाच. मग काय करते, सारं वाचलं.

देवाच्या भाकरीपाशी इतकी हासली की ठसका लागला. म्हनली, अर्धी न्हाई, सबंद खोचायची, तिला नीट लिव्ह. मग यस्टीचं आलं. तिनं पदर तोंडावर वढून घेतला. मला वाटलं, कावळ्याला जमलं न्हाई ते आता मीच केलं.

मग पदर काढून बोलली. केसर, त्या दिशी घरात पाणीच नव्हतं. मी सोसायटीच्या टँकरच्या रांगंत व्हते, टँकर आलाच न्हाई, ते मला बी आठवलं. तांब्या दिला न्हाई कारण त्यात घालाया काई नव्हतं. तुज्या पालीला धरणाच्या तळाला का व्हईना पाणी हाय, तिथं पोर जगंल, असं तिच्या मनात. मी इचारलं, मग तवाच कावून सांगितलं न्हाई? म्हनली, पाणी न्हाई म्हनलं असतं तर ती गेली असती का? घागर घेऊन हिरीवर निगाली असती. रागानं गेली, म्हनून गेली.

मी तिच्याजवळ राहून मला ठावं न्हाई ग!

बाया घाबऱ्या झाल्यात, कुणी रडलंच न्हाई तर मरण फिरंल कसं. आजी त्यांना म्हनती, खोट्या मरणाला खरं पाणी गाळायचे दिस हाईत का हे? पण जेवण कमी केलंय तिनं. तू ये.

लोभ ठेव, राग तितंच ठेवून ये.

सत्यभामा


पाली
ता. १७ मार्च १९७३

ती. गं. भा. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुजी दोनी पत्रं एकदमच आली. पहिलं फोडलं. आजी जिती हाय, एवढंच वाचलं आन जे रडू फुटलं ते थांबंना. मेली तवा एक टिप्पूस न्हाई, आन जिती म्हनल्यावर ही गत! बाया पुन्ना जमल्या. त्यांना वाटलं सासू गेली. सासू आतून वरडायली, मी हितं हाय, मी हितं हाय. दुसरं पत्र तिला वाचून दावलं तर ती बी रडाया बसली.

आजीला इचार, जिती हाय म्हनून रडलेलं कावळ्याला चालतं का? न्हाई तर तिच्याम्होरं बसून रडते. सोमवारी बंकटच्या गाडीनं येते.

माया हाय तशी राहू दे, वाढली तर माजी ना न्हाई.

केसर


छावणी
ता. ६ एप्रिल १९७३

केसर,

आजी गेली. हे खरं हाय.

तू आठवडाभर राहिलीस, तिच्याच घोंगडीवर निजलीस, तिच्याशी पोटभर भांडलीस, आन पाडव्याला सासरी पायजे म्हनून गेलीस. काल सकाळी गायीला उसाचं वाढं टाकता टाकता आजी खाली बसली. मी म्हनलं, उठ, नखरे बास. उठली न्हाई.

बंकट पालीकडंच निगाला व्हता, त्याला सांगितलं. दिसभर तुज्यासाठी तिला ठेवली. सांजच्याला बंकट एकलाच आला. त्यानं साऱ्यांम्होरं तुजा जबाब सांगितला, की म्हातारीला म्हनावं, आता गायीलाच रडाया लाव, माजं पाणी संपलं. आन तू हासत हासत तिच्यासाठी पाडव्याची साखरंची गाठी धाडलीस. बंकटनं गळ्याची आण घेतली तरी तू हासायलीच, म्हनं.

केसर, तिरडीपाशी सारे हासले. काका हासला. मी आजीच्या पायापाशी बसले व्हते, मी बी हासले. गाठी तुजी म्हनून तिच्या गळ्यात घातली आन तशीच नेली.

मागल्या बारीला निरोपामागनं माजं पत्र आलतं, ती जिती हाय म्हनून. तू त्याच पत्राची वाट बघत असशील, सासूला सांगत असशील, येईलच आता. ह्येच ते पत्र हाय, बाई. दुसरं येणार न्हाई.

लोभ असू दे. मागाया आता तूच उरलीस.

अक्का