पोचा आलेली पेटी

प्रिय बाबल्या,

दादाचे गुडघे कसे आहेत? जिना चढू देऊ नकोस त्याला, ऐकत नसेल तर माझं नाव सांग. वहिनीचा चष्मा बदलून झाला का? सूनबाईची पाठ दुखत होती, आता जड उचलायचं सोडलं का तिने? तुझ्या ठकीचा खोकला गेला असेल. जाणारच. महिना झाला, माझ्या गाडीत बसत नाही ती. तुझी चौकशी करत नाही, तुला काय धाड भरलीय.

परवापासून तुझे फोन येताहेत, ते दिसतात मला. उचलत नाही, कारण फोनवर तू हसतोस आणि तू हसलास की मी विरघळते, तू रांगत होतास तेव्हापासून. कागदावर तुला हसता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

हे गेल्यावर मी शाळेची गाडी चालवायला घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. कुणी शिकवलं नाही, गाडीखाली शिरून शिरून शिकले. म्हणूनच तू गॅरेज काढायचं म्हणालास तेव्हा दादाशी मी एकटी भांडले. पोराच्या हातात कसब आहे, म्हटलं. होतंच. ते कसब कुठे वापरशील हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

गाडी चढाला ओढत नव्हती, तेव्हा तू म्हणालास, आत्या, धूर गाळायची पेटी तुंबलीय, ती काढून गाडी मोकळी करून देतो, वाऱ्यासारखी पळेल. पळाली की. मागे काजळीचा असा लोट, की कोपऱ्यावरचा न्हावी मला लांबून बघूनच दार लोटून घ्यायला लागला. मागच्या बाकावरची पोरं नाकाला रुमाल लावून बसायची. त्यातल्या एका वात्रटाने गाडीचं नाव आगगाडी ठेवलं, दर थांब्याला शिटी मारतो मेला. तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालास, जुनी गाडी आहे आत्या, तुझ्यासारखीच, थोडी धुसफुसणारच. मी हसले. कसली मूर्ख बाई मी.

आणि तपासणी आली की तू कुठूनशी एक पेटी आणून चिमट्यांनी लटकवायचास. काय ती तपासणी. आरशाच्या कोपऱ्याला तडा होता म्हणून मला एकदा माघारी धाडणारा तो काचेच्या खोलीतला साहेब, गंजक्या नळीवरचे कोरे करकरीत चिमटे त्याला दिसत नाहीत. नळीत कांडी घालतो, पडद्यावरचा आकडा बघतो, शिक्का मारतो. बाहेर पडलं की तुझ्याकडे यायचं, पेटी काढून द्यायची. मला वाटायचं, गॅरेजातली जादा असेल.

गेल्या महिन्यात वायपर बदलायला आले, तर दुसऱ्या शाळेची गाडी वर चढवलेली होती, तपासणीला निघालेली. सवयीने खालून बघितलं. पेटीला बोटभर पोचा. बाबल्या, तो पोचा माझा आहे. शाळेच्या फाटकाशी गाडी मागे घेताना दगडावर घातली होती मी, आणि तूच खाली झोपून म्हणाला होतास, राहू दे आत्या, चालतंय. म्हणजे माझ्याच गाडीची पेटी काढून तू ती तुझ्याकडे येणाऱ्या शाळांच्या चारही गाड्यांना फिरवतोस. मुलाखतीला जाताना भावाभावांनी एकच कोट घालावा तशी. त्या भावांना निदान कोट कुणाचा हे तरी ठाऊक असतं.

तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, अडाणी आहे, धुराने काय होतं हे त्याच्या डोक्यात शिरलं नसेल. मग सूनबाई भेटली. ठकीला का पाठवत नाहीस, विचारलं. साधी पोर, पटकन सांगून गेली, हेच म्हणाले, आत्याच्या गाडीत नको, मागे धूर फार येतो.

म्हणजे तुला माहीत होतं. आपली पोर उचलून घेतलीस आणि लोकांची तिथेच ठेवलीस. चोराला भूक तरी असते रे, तुला काय होतं? हल्ली तुझं तोंड आठवलं की थुंकावंसं वाटतं. मग आठवतं, तोंडवळा दादाचा आहे, आणि गिळून टाकते.

आता फोन का उचलत नाही ते ऐक. परवा तपासणी झाल्यावर मी तुझ्याकडे वळलेच नाही. तू ज्याला कासव म्हणून हिणवतोस त्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने पेटी साफ करून कायमची वेल्ड केली आणि पेटीवर लक्ष ठेवणारी गाडीच्या कॉम्प्युटरमधली यंत्रणा तू गुपचूप बंद केली होतीस, ती पुन्हा चालू केली. बाकीच्या तिघांपैकी दोन गाड्या या आठवड्यात तपासणीला उभ्या आहेत आणि लटकवायला तुझ्याकडे काही नाही, ठाऊक आहे मला. पेटी मिळणार नाही. त्या तिघांच्या काढलेल्या पेट्या कुठे घातल्यास ते त्यांना तूच सांग आणि नव्या बसवून दे. सोमवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी त्यांच्या दारात जाऊन सांगेन, दादा मध्ये पडला तरी. मागच्या बाकावरची खिडकीची जागा मी रिकामी ठेवली आहे. माझ्या गाडीत आता धूर नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? सकाळी ठकीला कोपऱ्यावर उभी कर. पण तेवढ्यावर सुटू नकोस, त्या तिघांना काय सांगितलंस ते लिहून कळव, फोनवर नको. लवकर लिही.

अजून तरी तुझीच,
आत्या