चारशे चारमधला चावीवाला

रविवार, २ नोव्हेंबर
आले एकदाची पिंपळे सौदागरला. माझ्या नातीचं, मैत्रीचं, स्वतःचं घर. सी विंग, चौथा मजला, चारशे चार. देहूरोडला चाळीस वर्षं संडासाच्या रांगेत उभी राहिले. इथं संडास दोन आणि माणसंही दोनच. बाबासाहेबांचा फोटो मी स्वतः खिळा ठोकून लावला. मैत्री म्हणत होती चिकटपट्टीनं लाव, भिंत खराब होईल. म्हणलं, बाबासाहेब काय नोटीस आहेत का चिकटवायला?
ही वही साक्षरता वर्गाच्या दीपमालाताईंनी दिली. रोज दहा ओळी लिहा, नाहीतर आलेली अक्षरं परत जातील म्हणाल्या. सदुसष्टाव्या वर्षी आलेत, बरी जाऊ देईन!

बुधवार, ५ नोव्हेंबर
मैत्री सकाळी सातच्या बसनं चाकणला कंपनीत जाते, संध्याकाळी सहाला परत. जाताना रोज एकच पाठ. आजी, आतून कडी लाव, कुणाला उघडू नको. म्हणलं, मला पळवून कोण नेतंय? नेलंच तर दुपारच्या आत आणून सोडतील.
आज पोस्टमन एक कार्ड देऊन गेला. वर आपला पत्ता, आत पाच आकडे. दुपारी फोन आला. पोरगा गोड बोलत होता, मावशी मावशी करत. कार्डावरचे आकडे वाचता येतील का म्हणाला. मला वाचता येतील का! घडाघडा वाचून दाखवले. हवेत तर उलटेही म्हणून दाखवते म्हणलं. तो हसला आणि फोन ठेवला. आपण होऊन आकडे वाचायला लावणारा दीपमालाताईंनंतर हाच पहिला.

सोमवार, १० नोव्हेंबर
तीन दिवसांत अकरा माणसं दारात. चावीवाला इथंच का? पहिल्याला म्हणलं, व्हय, आणि मी त्याची आई! दुसऱ्याला हाकललं. तिसरी बाई रडायला लागली. चावीवाला तिच्या घरी येऊन गेला, कुलूप उघडलं, पण जुनी किल्ली परत दिलीच नाही. ती मागायला आली होती. तिला पाणी दिलं. किल्ली कुठून देणार?
मैत्रीनं मोबाइलमधला नकाशा उघडून दाखवला. आमच्या घरावर लाल खूण. चोवीस तास चावीवाला, सी चारशे चार. असली खोटी दुकानं लोक नकाशात घुसवतात म्हणे. फोन उचलणारा दुसराच, पत्ता तेवढा आपला. आणि तो पत्ता खरा ठरला नकाशावाल्यांनी तपासणीला पाठवलेल्या त्या कार्डावरच्या पाच आकड्यांनी.
पोरीनं कपाळाला हात लावला फक्त. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर्गात वाचायला शिकवलं. कुणाला वाचून दाखवू नये, ते नाही शिकवलं.
आणि माझा नंबर त्या पोराला कुणी दिला?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मैत्रीनं तक्रार केली. दुकान नकाशावरून गेलं, सकाळी परत हजर.
खाली लोकांचे अभिप्राय असतात. लोक चांदण्या देतात, एक ते पाच. मैत्रीनं मला वाचायला दिले, अक्षरांचा सराव होईल म्हणून. एक असा: आजी हिरव्या लुगड्यात होत्या, दारात दुधाची पिशवी फुटली होती, तरी पाणी विचारलं. चार चांदण्या.
हिरवं लुगडं मी इथं आल्यापासून पेटीतून काढलेलं नाही. दुधाची पिशवीही कधी फुटली नाही. लोक काहीही लिहितात.

शनिवार, १५ नोव्हेंबर
दोन लुगडी धुवून वाळली नाहीत. हिरवं नेसले. नेसताना काही आठवलं नाही.
दारात दूध घेतलं, पिशवी हातातून निसटली. फुटली. पुसायला वाकले तर समोर चपला. एक माणूस. चावीवाला इथंच का?
सवयीनं तोंडातून निघालं, पाणी घेता का.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आमच्यात भूतबीत मानत नाहीत. मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणते. मानत नाही.
आज मैत्री मोबाइल लपवत होती. हिसकावून घेतला. नवा अभिप्राय. मी बोट ठेवून वाचला, एक एक अक्षर.
गुरुवारी बोलावलं. आजी आतून कडी लावून बसली होती. दार उघडून दिलं. उशीर झाला, पण काम चोख. पाच चांदण्या.
गुरुवार तर परवा आहे. खाली नाव मैत्रीचं. फोटोही तिचाच.
ती शपथेवर सांगते, मी लिहिलं नाही. मला ठाऊक आहे. उशीर झाला म्हणजे म्हातारी मेली. माझी नात मेलेल्या म्हातारीला पाच चांदण्या देणार नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
मैत्री उद्या रजा टाकते म्हणाली. नवी नोकरी आहे तिची, कायम व्हायची आहे अजून. म्हणलं, गपचूप कामावर जा, मी काय दूधपिती आहे? उद्या दहाच्या बसनं देहूरोडला जुन्या शेजारणीकडे, सोजरबाईकडे जाते, शनिवारपर्यंत येत नाही. तेव्हा कुठं ऐकलं.
ती आंघोळीला गेली तसा पेचकस घेतला आणि दाराची कडीच काढली. चारही स्क्रू. कडीच नाही तर लावणार कुठून? लिही म्हणावं आता.

गुरुवार, २० नोव्हेंबर
सव्वानऊ. मैत्री सातलाच गेली. पिशवी भरली. कडी पिशवीत टाकली, कुणाच्या हाती नको. बसायला वेळ आहे म्हणून लिहिते.

साडेनऊ. बाहेर माणसं आलीत. आवाज नाही, नुसत्या चपला वाजतात. दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना भरलाय. रडणारी ती बाई पण आहे. सगळे आमच्या दाराकडे बघतायत. पाणी विचारलं नाही.

कुलपात किल्ली घातली कुणीतरी. लागली नाही. दुसरी. घाई नाही त्याला. तिसरी —

मैत्रीला फोन लावला. उचलत नाही, कंपनीत लाइनवर कामाला असेल. पुन्हा —

उघडलं दार. मी पळाले. गुडघे कसे चालले कोण जाणे. वही हातातच राहिली. न्हाणीघरात आहे. इथं दाराला बाहेरून किल्लीचं भोकच नाही, नुसती आतून —

कडी लावली. मीच लावली. आत्ता. या हातानं.

काढते. काढायला पाहिजे. पण बाहेर दाराला टेकून कुणीतरी मावशी, मावशी म्हणतंय, गोड आवाजात —

भोक नाही या दाराला. मी पाहिलंय. भोक नाही. तरी किल्ली फिरते आहे. मैत्री, तू काही लिहू नको हां, माझ्याबद्दल काहीही लि