गोमतीच्या वळणावर

रविवार, संध्याकाळ

आज बाबा हसले! आई गेल्यावर त्यांना सांगलीहून इथे उत्तरेत, माझ्याकडे अलीगंजला आणलं, तेव्हापासून एकच पालुपद: "ही गोमती कसली नदी? वाहतच नाही." सब्जीवाल्या भैयालाही ऐकवून झालं. कॉलेजात भूगोल शिकवणारी मी, घरात मात्र हरत होते.

म्हणून सकाळी त्यांना शहराबाहेर नेलं, जिथे नदी मोठं वळण घेते. पोचलो आणि समोरच्या उंच काठाची दरड धप्पकन पाण्यात पडली. बाबा दचकले. मी सांगितलं, वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, ते काठ कापतं. आतल्या बाजूला मंदावतं, तिथे वाळू टाकतं. आपण उभे आहोत ती जमीन नदीनंच केलीय.

"म्हणजे सारखं इकडचं तिकडे? अगं, ही तर तुझ्या आईसारखी! घरातलं कपाट कधी एका जागी राहिलं?" आणि हसतच सुटले. मीही. आईचं नाव काढायला इतके दिवस का घाबरत होते मी?

मग बाबा चपला काढून वाळूत बसले, पुढची दरड पडायची वाट बघत. धप्प! टाळीच वाजवली त्यांनी.

आत्ता सांगलीच्या मित्राला फोनवर सांगतायत, "अरे, आमची गोमती काय साधी आहे का?"