समुद्रफुलाचा शेजार

दि. १४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सव्वादहा

प्रिय ताईस,
सादर नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. भावोजींचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून समाधान वाटले. आईचे वजन स्थिर आहे, विसरण्याच्या आजाराच्या औषधांत बदल नाही. बाबांची माशांची टाकीही नीट चालू आहे. तिच्यातल्या पाण्याचा खारटपणा मी रोज सकाळी सात वाजता मोजतो. हसू नकोस. "तू जन्मलास तोच पेन्शनीत," हे तुझे वाक्य मला पाठ आहे.

आता मुद्द्याचे. आईला महिनाभर तुझ्याकडे पाठवावे, तेवढीच मला उसंत, असे तू लिहिले आहेस. सूचना प्रेमाची आहे, पण मला ती मान्य करता येत नाही. कारण सांगण्याआधी टाकीबद्दल लिहावे लागेल. विषयांतर वाटले तरी वाच.

बाबा जीवशास्त्राचे मास्तर. त्या केशरी-पांढऱ्या माशाला ते जोकर म्हणत. टाकीतले समुद्रफूल हे फूल नव्हे, खडकाला चिकटून राहणारा प्राणी; त्याच्या ज्या बोटांत जोकर दिवसभर लोळतो, ती विषारी आहेत. दुसरा मासा शिवला तर जायबंदी होतो. जोकर वाचतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. आधी शेपटी लावायची, मग पोट, असे करत तो फुलाशी ओळख पटवतो. मात्र ताटातूट लांबली की ती ओळख पुसली जाते. तीन वर्षांपूर्वी टाकीची काच बदलली तेव्हा जोकर चार आठवडे वेगळ्या भांड्यात होता. परत सोडताना मी म्हटले, "टाका की, त्याचंच घर आहे."

"त्याचं आहे रे," बाबा म्हणाले, "पण त्या फुलाला कुठे माहीत?"

त्यांनी त्याला भोके पाडलेल्या बरणीत घालून चार दिवस फुलाशेजारी ठेवले. त्या चार दिवसांचे वेळापत्रक मीच करून भिंतीला लावले होते.

म्हणजे हे सर्व मला माहीत होते, ताई.

न्हाणीघराची फरशी बदलायची म्हणून आईला शुश्रूषागृहात ठेवण्याचा निर्णय माझा. बाबांना रोज तिला भेटायला जायचे होते. त्यांच्या दम्याचे कारण सांगून मीच अडवले. बत्तीस दिवस. तेहतिसाव्या दिवशी दुपारी मी तिला गाडीतून उतरवून सरळ बैठकीच्या खोलीत नेले. बाबा गुळगुळीत दाढी करून उभे होते. "या, बाईसाहेब!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"हा कोण? याला बाहेर काढा!"

"अगं, मी. तुझा मास्तर."

तिने दोन्ही हातांनी ढकलले. टाकीखालच्या लोखंडी घोडीचा कोपरा त्यांच्या डोक्याला लागला.

ते न्हाणीघरात घसरले, हे मी तुला सांगितलेले खोटे आहे. रुग्णालयात त्यांनीच बजावले होते, "पाय घसरला म्हण. तिच्या माथी हे नको." पुढे तू त्या फरशीवाल्याला दारात नाही नाही ते बोललीस. तो बिचारा "ताई, फरशी खरखरीत आहे हो, हात लावून बघा," म्हणत राहिला, आणि मी तुझ्यासाठी पाणी आणायला आत गेलो.

बाबा गेल्यावर आईने तीन दिवस कोणाला जवळ येऊ दिले नाही, मलाही नाही. चौथ्या दिवशी थंडी होती, म्हणून मी खुंटीवरचा बाबांचा स्वेटर घातला. तिने माझी बाही धरली. "अहो, किती उशीर!" म्हणाली, आणि माझ्या हातून जेवली.

तो स्वेटर मी अजून धुतलेला नाही. साबण त्यांचाच वापरतो, तेलही. खोलीत शिरण्याआधी त्यांच्यासारखा दोनदा खोकतो. सुरुवातीला हे मी ठरवून करत असे. दहा महिने झाले. आता खोकला आपोआप येतो. मागच्या आठवड्यात कार्यालयातल्या एका पत्रावर मी बाबांची सही केली. कारकुनाने आणून दाखवली, "साहेब, ही कोणाची?" मला ती बराच वेळ बरोबरच वाटत होती.

महिन्याने तू तिला परत आणशील तेव्हा ती मला ढकलेल, याचे भय नाही. पडायची माझी तयारी आहे. पण ती "हा कोण?" विचारेल, आणि मला उत्तर सुचणार नाही.

म्हणून तिला नेऊ नकोस. तूच ये, आणि राहायला ये. पहिले काही दिवस उंबऱ्यावर बसूनच तिच्याशी बोल, घाई करू नकोस. फरशीवाल्याकडे मी उद्या जाणार आहे. काय झाले ते त्याच्यासमोर उभा राहून सांगेन. बाबांचा शब्द मोडतो आहे, त्याचा दोष माझा.

आणखी एक. आलीस की आईला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी मला एकदा माझ्या नावाने हाक मार. मी ओ देतो का, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
धाकटा भाऊ