दादाच्या वह्या, मोठ्या अक्षरात

४ मार्च

चि. खुटखुट्यास,
आत्याचे भरघोस आशीर्वाद.

तू बसवून दिलेलं ते टायपिंगचं भारदस्त सॉफ्टवेअर काढून टाकते आहे. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली आहे, ती भरेपर्यंत हे हातानं लिहिते. रागावू नकोस. ते उघडेपर्यंत माझा चहा होतो, आणि बंद पडतं तेव्हा पानं घेऊन पडतं. काल तुझ्या वडिलांच्या वहीतली टाइप केलेली तीन पानं गेली. दादानं चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना लिहून ठेवलेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, एप्रिल संपेपर्यंत त्याला वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. सगळं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच त्याचं मागणं.

फुकट मिळणारी, हलकी अशी तीन सॉफ्टवेअरं पाहिली. पहिल्यात जोडाक्षरं फुटतात. दुसरं देखणं, पण त्यातलं लिखाण दुसऱ्या यंत्रावर उघडेना. तिसरं चुटकीसरशी उघडतं आणि न सांगता लिखाण जपून ठेवतं. कुणी अनोळखी माणसांनी फावल्या वेळात केलंय म्हणे. अशांना घरी जेवायला बोलवावं.

लोभ आहे तसा राहू दे. वाढला तर ठेवायला जागा आहे.

तुझी आत्या

७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह मिळाला. एकशे चाळीस पानं, आणि टायपिंगची चूक शोधून सापडत नाही! तुझं सॉफ्टवेअर आता मीही दुकानात येणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर बसवून देतो. हरलो म्हण.

पण एक घोटाळा आहे. बाबांसाठी अक्षर दुप्पट केलं, तर एक ओळ पूर्ण आणि पुढची दोन शब्दांची, असं पानभर झालं. तू टाइपरायटरवर असल्यासारखं दर ओळीच्या शेवटी एंटर दाबलं आहेस. बाबांनी दोन पानं पाहिली आणि भिंग खाली ठेवलं. वाचताना ठेचा लागतात म्हणाले. एकेक एंटर काढायचं तर महिना संपेल. मला तर काही सुचत नाही.

तुझा लाडका (अजून असेन तर)

१० एप्रिल

चि. खुटखुट्यास,
आशीर्वाद, थोडे कान पिळून.

कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलं, हात ऐकतो कुठे? पण त्याच हातानं मी प्रत्येक नवा परिच्छेद पाच जागा सोडून सुरू करते. एकदाही चुकलेली नाही. म्हणजे ज्या एंटरपुढे पाच जागा, तो खरा; बाकीचे फुकटचे. ‘शोधा आणि बदला’मध्ये आधी खऱ्यांच्या जागी फुली घातली. मग उरलेले एंटर काढून तिथं एकेक जागा ठेवली. शेवटी फुल्यांचे परत परिच्छेद केले. एवढंसं सॉफ्टवेअर, पण कुरकुरलं नाही. नवा पेनड्राइव्ह सोबत आहे.

दादाला सांग, धाकट्या बहिणीला नावं ठेवायची घाई करू नकोस.

आत्या

१२ एप्रिल, संध्याकाळ

ती. आत्यास,
आज नमस्कार खरोखर वाकून.

सगळं मोठ्या अक्षरात छापलं. एकही ओळ तुटलेली नाही. मी संगणकावर पोट भरतो, मला हे सुचलं नव्हतं. बाबा म्हणाले, ती लहानपणापासून अशीच, आपण गाठ कापायला कात्री शोधतो तोवर ही सोडवून मोकळी. हे तुला कळवायचं नाही, असंही म्हणाले.

माया असू दे, कान पिळलेस तरी.

तुझा भाचा

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं म्हणून लिहितो. आज सकाळी बाबा खिडकीशी बसून एकोणीस पानं सलग वाचत गेले. विसाव्या पानावर एका स्प्रिंगचं माप चुकलेलं सापडलं. चूक त्यांच्या वहीतलीच होती. त्यांनी लाल पेन मागून घेतलं.