दुकानवालीचा आवाज

लाडक्या वहिनीस,

तुला जाऊन दीड वर्ष झालं आणि पत्र आज लिहितेय. निमित्तच तसं घडलं गो! मी आता पोस्टाने जर्मन शिकवते ना, तर शहापूरच्या एका मुलीची गृहपाठाची कॅसेट तपासायला आली. संवादातला दुसरा आवाज तिच्या आईचा होता. इतका स्वच्छ, की शेरा लिहिताना माझा हात थांबला.

आठवतं? धसईत असताना मी असाच कोर्स लावला होता. संवाद टेप करून पाठवायचा, त्यात गिऱ्हाईक मी. पण पावाची दुकानवाली कोण होणार? तू सातवी शिकलेली. नुसतं ऐकून ऐकून तिचं सगळं बोलणं पाठ केलंस! भाकऱ्या थापताना तेच, आणि शेळीलासुद्धा नमस्काराचं "गुटन टाग"!

अडखळायचे ते मीच. दर वेळी तू म्हणायचीस, "सुमे, परत दाब बटन. मला टाइम हाय." तिकडे भात करपला तरी.

मग तपासलेला कागद आला. माझ्याबद्दल एकच ओळ: उच्चार कच्चे, सराव वाढवा. खाली तुझ्याबद्दल चांगल्या चार ओळी! माझा नुसता जळफळाट झाला. कॉलेजात जाते ती मी, आणि कौतुक हिचं?

तू पिठाच्या हातांनीच धावत आलीस. "माज्याबद्दल काय लिवलंय का गो?"

"नाय. तुझ्याबद्दल कशाला लिहितील?"

"खरंच की," म्हणालीस आणि चुलीपाशी गेलीस. रागावली तरी असतीस!

पुढच्या संवादांना मी मुरबाडची मैत्रीण धरली. तू एकदाच विचारलंस, "माजं काय चुकलं का?" तेव्हाही मी वहीत डोकं घातलं. माझं मेलीचं तोंड शिवलं होतं का!

लाज वाटते वहिनी, फार लाज वाटते. तुझ्या दुखण्यात उशाशी बसून कितीदा सांगणार होते. पण तू सगळ्या वॉर्डाला सांगायचीस, "ही आमची सुमी, जर्मनची मास्तरीण." मग कुठल्या तोंडाने बोलणार होते?

त्या शहापूरच्या आईंना आज मी त्यांच्या शेऱ्याचं वेगळं पाकीट पाठवलंय, त्यांच्याच नावाने. मुलीच्या भरवशावर ठेवलं नाही. यापुढे कॅसेटवर जो दुसरा आवाज येईल त्याला त्याच्या नावाचं पाकीट जाईल, हे तुला वचन.

तुझा कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. ऐक आता: "दुकानवालीचं काम करणाऱ्या बाई कोण? उच्चार फार सुंदर. त्यांनी कोर्सला नाव घालावं, पाठ लगेच पाठवतो. शिकायला आवडेल का, त्यांना नक्की विचारा."

मी विचारलंच नाही गो.

तुझी नणंद,
सुमी